पांढऱ्या रंगाचे तीन हात

फाटका कागद दिसला की मला तो जोडून बघावासा वाटतो. दादरच्या एका शाळेत मी बावीस वर्षं चित्रकला शिकवते आहे. कोलाज करताना कागद कात्रीने कापू नका, हाताने फाडा, असं पोरांना ओरडून ओरडून सांगते. घरी मात्र माझं उलटं चालतं. रद्दीतला एखादा चिटोरा हाताला लागला की त्याचा उरलेला अर्धा शोधत मी तासन्‌तास बसते. प्रफुल्ल, माझा नवरा, म्हणतो, सुरुची, तू चित्रकार नाहीस, पोलीस आहेस. त्याच्या विनोदांवर मी लग्नानंतर दोन वर्षं हसले, तेवढं पुरे.

आमची चाळ चिंचपोकळीला, स्टेशनपासून चालत सहा मिनिटांवर. दिवाळीनंतर ती पाडायची आहे. बिल्डरच्या नोटिसा आल्या आणि मे महिन्यापासून एकेक खोली रिकामी व्हायला लागली. लोकांनी माळे उपसले. चाळीस-पन्नास वर्षांचे कागद जिन्याखाली येऊन पडू लागले: रेशनकार्डं, लग्नपत्रिका, दहावीच्या गुणपत्रिका, फाटकी पंचांगं, कोणाकोणाचे एक्स-रे. मी ते पिशव्या भरभरून वर आणले, कारण डिसेंबरात दादरच्या एका छोट्या दालनात माझं प्रदर्शन ठरलं होतं. शेहेचाळिसाव्या वर्षी पहिलंवहिलं.

माझी पद्धत साधी आहे. कॅनव्हासवर आधी कागद चिकटवायचे. त्यावर अ‍ॅक्रिलिकचे पातळ हात द्यायचे. मग कुठे घासून खालचा कागद उघडा करायचा, कुठे पार बुजवून टाकायचा. चाळीतल्या एकेका खोलीचं एकेक चित्र, त्याच खोलीतल्या कागदांचं. अकरा झाली होती. बारावं मीराबाईंच्या खोलीचं करायचं होतं.

मीराबाई माझी मावशी. रक्ताची नव्हे, चाळीतली. माझी आई गिरगावात नोकरीला होती, त्यामुळे शाळेतून आले की मी मावशीच्या खोलीत. तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून पहिली खोली तिची, तिथून चार खोल्या सोडून आमची. तिने एकटीने खानावळ चालवली, अर्ध्या गल्लीचे डबे भरले. आता वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. खोली सोडायला तयार नसलेली आमच्या मजल्यावर ती एकटीच उरली होती. बिल्डरचा माणूस आला की ती त्याला चहा पाजायची आणि दर वेळी तेच उत्तर द्यायची.

"पत्ता बदलला तर माणूस येणार कुठे?"

हा माणूस म्हणजे तिचा नवरा, गंगाधरमामा. बसमध्ये कंडक्टर होते, म्हणून आम्हा पोरांचे ते काका नव्हे, मामा. मला अंधुक आठवतात. खाकी कपडे, आणि माझ्यासाठी खिशात राखून ठेवलेले रंगीत तिकिटांचे तुकडे. ते खळीने पुठ्ठ्यावर चिकटवून मी घर, झाड, सूर्य असलं काहीबाही करायचे, म्हणजे माझं पहिलं कोलाज त्यांच्याच कृपेने झालं. आणि आठवते ती त्यांची चप्पल. उजव्या चपलेचा अंगठा कायम तुटलेला असायचा. मावशी कितीदा ओरडायची, पण ते तशीच ओढत जिना चढायचे. एक पाऊल वाजायचं, दुसरं सरपटायचं.

मी चार-पाच वर्षांची असताना ते गावी गेले, मालवणच्या बाजूला, आईचं खूप दुखणं निघालं म्हणून. परत आले नाहीत. तिकडे दुसरी बाई केली, असं चाळ म्हणायची. मावशीच्या तोंडावर कोणी म्हणत नसे, पण चाळीच्या भिंतींतून काय ऐकू जात नाही? मावशी कुंकू लावायची, मंगळसूत्र घालायची आणि रोज संध्याकाळी सात वाजता उंबऱ्यावर एक कप चहा ठेवायची, वर बशी झाकून.

सव्वासातला जिना वाजायचा.

आज हे लिहिताना विचित्र वाटतं. तेव्हा आम्हाला काही वाटत नसे. रोज सव्वासातला कोणीतरी जिना चढून दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत यायचं, एक पाऊल वाजवत, एक सरपटवत, आणि तिथेच थांबायचं. वाकून बघितलं तर जिना मोकळा. पोरं "मामा आले" म्हणायची आणि खेळत राहायची. मोठी माणसं म्हणायची, जुनं लाकूड आहे, दिवसभर तापतं, संध्याकाळी आकसतं. प्रफुल्ल परळला काचेच्या बिल्डिंगमधल्या विमा कंपनीत आहे, त्याचंही हेच मत. मी त्याचा कधी विचारच केला नाही. साडेसात वाजले की मावशी तो गार झालेला चहा स्वतःच पिऊन टाकायची आणि कप विसळून ठेवायची.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा कडेवर घेऊन माझ्याकडे आली. चार खोल्या ओलांडायला तिला पाच मिनिटं लागली.

"घे गो. तुझ्या चित्राला."

"काय आहे यात?"

"कागद. दुसरं काय ठेवणार मी? सगळे घे हां. एकपण वगळू नको."

ते "वगळू नको" मी ऐकलं आणि सोडून दिलं. वर्गात चाळीस पोरांचं बोलणं एका कानाने ऐकायची सवय लागली की घरीही तेच होतं.

डब्यात तिची लग्नपत्रिका निघाली, एक लसीचं कार्ड, मामांचा कंडक्टरचा बिल्ला गुंडाळलेला कागद, पिवळ्या-गुलाबी तिकिटांची गड्डी. तळाशी एक जाड पाकीट होतं, त्यात पोस्टकार्डाचे आठ तुकडे. ऊन खाऊन पिवळे पडलेले, कडा पिंजलेल्या. ज्याने फाडलं त्याने घाईघाईने, दोन्ही हातांनी, दुमडून दुमडून फाडलं होतं.

आता मी कसली थांबते? कॅनव्हासच्या बरोबर मध्यभागी चिकटवायचं जेल फासलं आणि एकेक तुकडा कडेला कड लावून बसवत गेले. अक्षर जुन्या शाईपेन्सिलीचं होतं. कोरडी असताना ती करडी दिसते आणि पाणी लागलं की जांभळी होते. ओलं जेल लागलं तसं एकेक अक्षर जांभळं होत वर आलं. पहिल्या दोन तुकड्यांवर मोठा शब्द जुळला: अशुभ.

तिथे माझा हात जरा अडखळला. हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. कोणी गेल्याचं कार्ड आलं की वर तो शब्द असायचा. वाचायचं आणि तिथल्या तिथे फाडून घराबाहेर टाकायचं. घरात ठेवायचं नाही. पण फाडलेलं जोडायचं नसतं, असं मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. जोडायची वेळच कोणावर आली नसणार.

आणि हे कार्ड मला ऐकून माहीत होतं. आईने सांगितलेलं. मामा गावी जाऊन महिना झाला होता, पौष चालू होता, पोस्टमनने मावशीच्या हातात कार्ड ठेवलं. तिने वरचा शब्द बघितला आणि भीतीने पुढचं न वाचताच टराटरा फाडून गॅलरीतून खालच्या पत्र्यावर फेकून दिलं. सासू अंथरुणाला खिळलेली, तेव्हा दुसरं कोण जाणार? अक्षरावरून काही कळण्यासारखं नव्हतं, त्या वाडीतली सगळ्यांची पत्रं एकटे मास्तरच लिहायचे. मावशीने आंघोळ केली, सुतक पाळलं. वाचायचं राहून गेलं.

मी उरलेले सहा तुकडे बसवले आणि वाचलं.

"मीरावहिनी यांस. कळविण्यास दुःख होते की आपला गंगाधरदादा दिनांक नऊ रोजी देवाघरी गेला. आईस उतार पडल्यामुळे मुंबईस यायला निघाला होता. गाडीच्या थांब्यावरच छातीत कळ आली. पिशवी भरलेली तशीच आहे. आपला दीर शामराव. पत्र वाचताच फाडून टाकणे."

सवयीने मोबाइलवर फोटो काढला, मी प्रत्येक थराचा काढते. मग एकदम मला मावशीचं कुंकू दिसलं. चाळीस वर्षं लावलेलं. ते पुसायला मी कोण? मी पांढऱ्याची ट्यूब उघडली, रुंद ब्रश घेतला आणि अख्खं कार्ड बुजवून टाकलं.

संध्याकाळी प्रफुल्लला सांगितलं.

"नको सांगू यार," तो म्हणाला. "या वयात शॉक कशाला द्यायचा? बिचारी होपवर जगतेय."

मलाही तेच पटलं. आपण फार समजूतदार माणसं आहोत, असं वाटून मी जेवलेसुद्धा नीट.

सकाळी पांढऱ्यावर जांभळं उमटलं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, शाईपेन्सिल अशीच असते, वरच्या थरातून झिरपते. पण झिरपायचीच तर सगळी अक्षरं झिरपायला हवी होती. उमटले होते दोनच शब्द. "निघाला होता."

मी दुसरा हात दिला, जाड. त्या संध्याकाळी सव्वासातला जिना वाजला आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबला नाही. मी भाजी चिरत होते. वाजलं, सरपटलं, वाजलं, सरपटलं. वळणानंतर सहा पायऱ्या मी मोजल्या. मग शांत. माझी सुरी तशीच कांद्यावर राहिली होती.

"लाकूड," प्रफुल्ल पेपरामागून म्हणाला.

"लाकूड वर चढतं का?"

त्याने पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच दोन शब्द, आदल्या दिवसापेक्षा ठळक. मी शाळेत रजा टाकली. तिसरा हात दिला, वर वॉर्निशचं सील केलं, पंखा लावून वाळवलं. दुपारी चारला बघते तर सीलच्याही वर जांभळं. बोट लावलं तर ओलं. मला भीती वाटली आणि भीतीपेक्षा जास्त राग आला, चित्राचा, कार्डाचा, त्या शामरावाचा. खाली औषधांच्या दुकानातून स्पिरिटची बाटली आणली. स्पिरिटने अ‍ॅक्रिलिक सुटतं. कापसाचे बोळे करून मी घासत सुटले, रंग निघाला, खालचं जेल निघालं, कार्डाचा लगदा निघाला. शेवटी कॅनव्हासचं कोरं कापड दिसलं तेव्हाच थांबले. बोळे जांभळे, माझी बोटं जांभळी. त्या मोकळ्या जागेवर पुन्हा पांढरा लावला. तो पांढराच राहिला.

मला हुश्श झालं. खरंच झालं.

त्या संध्याकाळी पावलं तिसऱ्या मजल्यावर आली. मी दार लोटून आत उभी होते. मावशीच्या दारापर्यंत ती आली आणि कपावरची बशी किणकिणली. एकदाच.

सकाळी आठ वाजता मावशी माझ्या दारात उभी. केस विंचरलेले, ठेवणीतलं पातळ. अशी ती फक्त गणपतीत दिसते. आत येऊन खुर्चीवर बसली आणि तिने माझ्या बोटांकडे बघितलं.

"जोडलंस ना गो?"

मी बोटं मुठीत लपवली.

"काल दारापर्यंत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तेव्हाच म्हटलं, सुरुचीने जोडलं." तिचा चेहरा हसरा होता. "सुतक फिटल्यावर मी पत्र्यावर उतरून तुकडे वेचले होते. पाऊस नव्हता म्हणून मिळाले. पण मीच फाडलेलं, मला जोडवेना. गावाला दोन पत्रं टाकली, दिराने उत्तर दिलं नाही. जमिनीवरून वाकडं होतं आमचं. तिकडे जायचा धीर झाला नाही. आता खोली सोडायची तर कळलं पाहिजे. सोडू की नको सोडू. म्हणून तुला डबा दिला. तुला बघवत नाही ना फाटलेलं, मला ठाऊक आहे. आता सांग. कोण गेलं होतं?"

मी आदल्या तीन दिवसांत हेच उत्तर मनात घोकलं होतं. वर्गात पोरांसमोर खोटं बोलताना जमतो तसा सरळ चेहरा मी केला.

"सासूबाई गेल्या होत्या मावशी. मामांचं त्यात नावसुद्धा नाही."

"नीट वाचलंस?"

"दोनदा वाचलं."

"मग जिन्यावर कोण येतं?"

"लाकूड असणार," मी म्हणाले. "जुना जिना आहे. सगळे म्हणतात तेच."

मला वाटलं, ती हसेल. डोळे पुसेल, देवाला हात जोडेल, घरी जाऊन साखर ठेवेल. त्यातलं काहीच झालं नाही. हळूहळू तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे जिवंत आहे," ती म्हणाली. "म्हणजे जिवंत होता आणि आला नाही."

"मावशी, अगं..."

"चाळीस वर्षं मी देवाजवळ एकच मागितलं गो. त्याने मला टाकलेलं नसू दे. त्यापेक्षा गेलेला असू दे." तिने पदराने कपाळ पुसलं. कुंकू पसरलं, पूर्ण निघालं नाही. "चहा ठेवत होते तो गेलेल्या माणसाला ठेवत होते. जिवंत असता तर त्याच्या डोक्यात घातला असता."

मग तिने गळ्यातलं मंगळसूत्र मानेवरून काढलं आणि माझ्या रंगांच्या टेबलावर ठेवलं, ट्यूबांच्या मध्ये.

"तो गेला असता तर रडून काढलं असतं. आता नुसतंच काढलं."

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं: मावशी, मी खोटं बोलले. मला ते बोलता आलं नाही. लाज वाटली. मी इतकी चांगली बाई, इतक्या विचाराने केलेलं, ते चुकलं हे तिच्या तोंडावर कबूल करायची मला लाज वाटली. ती उठली, भिंतीला धरत गेली. मी बघत राहिले.

त्या संध्याकाळी सात वाजता तिच्या उंबऱ्यावर कप नव्हता. दार बंद होतं, आत टीव्ही मोठ्याने लागला होता. सव्वासातला जिना वाजला. वळण ओलांडून पावलं तिसऱ्या मजल्यावर आली, मावशीच्या दाराशी थांबली. बराच वेळ. मग पुन्हा निघाली, आमच्या बाजूला. एक वाजलं, एक सरपटलं. रिकाम्या खोल्यांची कुलूपं ओलांडत ती आमच्या दारापर्यंत आली आणि उभी राहिली. दाराखालच्या फटीतून गॅलरीतल्या दिव्याचा उजेड येत होता, त्यात मध्ये काही नव्हतं. प्रफुल्लने टीव्हीचा आवाज बंद केला. लाकूड म्हणाला नाही. मी त्याचा हात धरला.

सकाळी मी मावशीकडे धावले आणि सगळं सांगितलं. कार्डातलं एकेक वाक्य सांगितलं. आईस उतार पडल्यामुळे मुंबईस यायला निघाला होता. पिशवी भरलेली तशीच आहे. मी रडत होते. मावशी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"काल सासू होती. आज तो झाला?"

"काल मी खोटं बोलले. तुला बरं वाटावं म्हणून."

"आणि आजपण मला बरं वाटावं म्हणूनच बोलतेस. कळतं मला. माझं तोंड बघून तुला राहवलं नाही." तिने माझ्या गालावर हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. "रडू नको बाय. खरं बोललीस काल, तेच बरं केलंस."

मी तिला हाताला धरून माझ्या खोलीत आणलं, कॅनव्हाससमोर उभं केलं. सभोवती तिची लग्नपत्रिका, तिकिटं, बिल्ल्याचा कागद, आणि मध्ये कार्डाएवढा पांढरा चौकोन. मी स्पंज ओला करून त्यावर फिरवला. तीन हात देऊनही जे थांबत नव्हतं त्याचा एक टिपूस वर आला नाही. मी मोबाइल काढला, फोटो दाखवला. ओल्या जेलवर ट्यूबलाइटची तिरीप पडली होती, बरोबर मधल्या ओळींवर. वरचा "अशुभ" वाचता येत होता आणि खालचं "फाडून टाकणे".

"गावाला जाऊन येते," मी म्हणाले. "ग्रामपंचायतीत नोंद असेल. दाखला आणते."

"आणशील गो. तुला काय कठीण? जुने कागद चिकटवून नवीन दाखवायचं, तुझं कामच ते."

ती हे टोमणा म्हणून बोलली नाही. तिच्या दृष्टीने ते माझं कौतुकच होतं.

दोन दिवसांनी तिने बिल्डरच्या कागदावर सही केली. पूर्वी नावाची तिची भाची टेम्पो घेऊन आली आणि तिला डोंबिवलीला घेऊन गेली. जाताना मावशीने मंगळसूत्राबद्दल विचारलं नाही. तो कप आणि बशी तेवढी गॅलरीच्या कठड्यावर राहिली होती. मी हाक मारून दाखवली. तिने खालूनच हात हलवला, राहू दे म्हणून.

मी गावी जाऊन आले. नोंद मिळाली. तारीख नऊच. शामराव कधीच गेलेला, घर बंद. दाखला घेऊन तशीच डोंबिवलीला गेले. मावशीने तो चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. "छान केलायस," म्हणाली, आणि पूर्वीला सांगून माझ्यासाठी पोहे करवले.

प्रदर्शनाला मी अकराच चित्रं देणार आहे. बारावं भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. रोज सकाळी त्यावर ओला स्पंज फिरवून बघते. पांढरं ते पांढरंच.

सात वाजता मी आमच्या उंबऱ्यावर चहा ठेवते, वर बशी झाकून. सव्वासातला ते येतात. मी दाराआडून सांगते, मामा, ती डोंबिवलीला आहे. पत्ता वाचून दाखवते, बिल्डिंगचं नाव, मजला, स्टेशनपासून कुठली रिक्षा. पावलं हलत नाहीत. त्यांना तिकडे जायचं नसावं. तिला जे कळायला हवं ते माझ्याकडे अडकलंय, म्हणून ते माझ्याकडे येतात. एवढं मला समजतं. साडेसातला मी कप आत घेते. चहा गार झालेला असतो. तो मीच पिते.

आता मजल्यावर आम्हीच उरलो आहोत. प्रफुल्लने खोकी बांधून दोन आठवडे झाले, भाड्याचं घर बघून ठेवलंय, तो माझ्याशी हळू आवाजात बोलतो. काल बिल्डरचा माणूस आला, शेवटची तारीख सांगायला. मॅडम, अख्खी चाळ खाली झाली, तुमचं काय अडलंय, म्हणाला. मी त्याला बसवलं, चहा दिला.

"पत्ता बदलला तर माणूस येणार कुठे?" मी म्हणाले.

त्याने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. हेच उत्तर त्याने याआधी ऐकलं होतं.